खोलताच येत नाही, ते गावाला कशाला विकता?

विदर्भातल्या खेड्यात आवाजाचं यंत्र ही चैनीची वस्तू नाही. पुण्या-मुंबईत बसून हे चटकन ध्यानात येत नाही, म्हणून आधीच सांगतो. आमच्याकडे कृषिपंपाला कधी दिवसाची लाईन असते, कधी रात्रीची. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस कुडकुडत वावरात जातो. पाणी द्यायचं नसलं तरी जागल चुकत नाही, कारण रोह्यांचा (नीलगायींचा) कळप किंवा रानडुकरं एका रात्रीत उभं पीक लोळवून जातात. पूर्वी माळ्यावर, म्हणजे वावरातल्या मचाणावर, बसून डबे वाजवायचे, हाळ्या मारायचे. आता माळ्याच्या बल्लीला एक स्पीकर टांगलेला असतो. त्यात कुत्र्यांचं भुंकणं, वाघाची डरकाळी, माणसांचा गलका भरलेला असतो आणि तो थांबून थांबून रात्रभर वाजतो.

गावातही तेच. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना भोंग्यावर लागते. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांनी ती गावोगाव रुजवली. दिवाळी झाली की वडसा-गडचिरोलीकडे झाडीपट्टीची नाटकं उभी राहतात, रात्रभर चालतात, आणि मंडपाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या म्हातारीला संवाद ऐकू गेला नाही तर ते नाटक पडतं. लसीकरणाची, रेशनची दवंडी ऑटोवर बांधलेल्या स्पीकरमधून फिरते. काळी-पिवळी जीपमध्ये आणि ट्रॅक्टरवर डेक नसेल तर ड्रायव्हरला करमत नाही, हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे.

अशी वस्तू बंद पडली तर ती कुठे आणि कोणाच्या हातून दुरुस्त होणार? माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. जी वस्तू तालुक्याच्या गावी खोलून दुरुस्त करता येत नाही, तिच्या खोक्यावर तसं ठळक लिहायची सक्ती असली पाहिजे. आणि बॅटरी आत कोंडून, सांधे वितळवून बंद केलेल्या स्पीकरसारख्या काही वस्तू मुळात तशा बनवायलाच मनाई हवी.

नव्या वस्तू वाईट आहेत असं मी म्हणत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या क्षेत्रात खरोखर मोठी सुधारणा झाली आहे. जुना ॲम्प्लिफायर निम्म्याच्या आसपास वीज नुसती तापण्यात घालवायचा. 'क्लास डी' प्रकारचा नवा ॲम्प्लिफायर दहातला एखादाच भाग घालवतो, म्हणून मुठीएवढ्या बॅटरीवर माळ्यावरची रात्र निघते. नवा चार्जर १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही चालतो. रब्बीत सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की गावातल्या बल्बची तार नुसती लाल दिसते. जुनी ट्रान्सफॉर्मरवाली पेटी तेव्हा घुरघुरत बसायची, नवा चार्जर मुकाट काम करतो. गाडीतल्या मागच्या कॅमेऱ्यात बाजाराच्या गर्दीत गाडीमागे उभं असलेलं पोर दिसतं. या गोष्टी मला हव्या आहेत आणि माझ्या गावालाही हव्या आहेत.

पण त्यांच्यासोबत एक गोष्ट हातची गेली. ती काय होती, हे सांगायला एकाच आयसीचं (अख्खं सर्किट मावलेल्या चिपचं) उदाहरण पुरेल: सान्यो या जपानी कंपनीची एलए ४४४०. मुळात ही आयसी काढली गाड्यांच्या टेपसाठी, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालण्यासाठी. दोन चॅनेलला प्रत्येकी ६ वॅट, किंवा दोन्ही एकत्र जोडून (ब्रिज करून) १९ वॅट. एका ओळीत १४ पाय, मागे ॲल्युमिनियमच्या पट्टीला स्क्रूने आवळायची, सोबत मोजके कपॅसिटर, की झालं. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत खेड्यात दिवसाचा मोठा भाग वीज नसायची, तेव्हा लोक ट्रॅक्टरची बॅटरी घरात आणून तिच्यावर टेप लावायचे. गाडीसाठी काढलेली आयसी घराघरांत शिरली ती अशी. बैठकीत होम थिएटर म्हणून जे असेंबल केलेलं खोकं मिरवायचं त्यात तीच, जीपच्या डेकमध्येही तीच. उडाली तर तालुक्याच्या दुकानात मिळायची आणि ज्याला नीट डाग मारता (सोल्डरिंग करता) येतो असा कोणीही पोरगा ती बदलून द्यायचा. नागपूरला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलेला मेकॅनिक येताना आयसी, फ्यूज, कपॅसिटर घेऊन यायचा आणि तेवढ्या मालावर पंचक्रोशीचे टेप चालायचे. त्याही आधीच्या कितीतरी रेडिओंच्या मागच्या झाकणाला आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. हा रेडिओ कधीतरी कोणीतरी उघडणार आहे, हे बनवणाऱ्यानेच गृहीत धरलेलं होतं.

आता यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी या तालुक्याच्या गावी एका दुकानात पाहिलेलं काम सांगतो. जागलीचा ब्लूटूथ स्पीकर दुरुस्तीला आला होता. तक्रार साधी, चार्ज होत नाही. मेकॅनिकने तो उलटासुलटा करून स्क्रू शोधला, सापडला नाही. खालचे रबरी पाय नखाने उचकटले, त्यांच्याखालीही नाही. प्लॅस्टिकच्या दोन्ही वाट्या एकमेकींत वितळवून जोडलेल्या होत्या. "भाऊ, हे खोलता येत नाही, फोडाच लागते," तो म्हणाला आणि हेक्सॉचं पातं घेऊन सांध्यावरून बेताबेताने चालवू लागला. बेताने अशासाठी की आत लिथियमचा सेल कोणत्या अंगाला बसवला आहे हे बाहेरून कळत नाही, आणि पातं त्याच्यात घुसलं तर जाळ होतो. वाट्या सुट्या झाल्यावर दिसलं ते एवढंच: चार्जिंगच्या पोर्टचे दोन पाय बोर्डावरून निसटले होते. सेल ठीक, ॲम्प्लिफायर ठीक, आवाजाचा पडदा ठीक. पोर्टला डाग मारायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग स्पीकर बंद कसा करायचा? एम-सील लावून. त्याचं पाणी-धूळ अडवणं तिथेच संपलं, आणि पुढच्या बिघाडाला तर हेक्सॉलाही सांधा सापडणार नाही. त्या दुकानात असे स्पीकर आता सहसा हातात घेतच नाहीत. दहा मिनिटांचं काम असतं, पण फोडण्या-चिकटवण्यात तास जातो आणि त्या तासाचे पैसे मागायला तोंड धजत नाही.

कंपनीच्या सेवा केंद्राचा रस्ता मी स्वतः धरून पाहिला आहे. घरच्या साउंडबारचा एका बाजूचा आवाज गेला, तेव्हा फोनवर उत्तर मिळालं की या मॉडेलचा बोर्ड सुटा मिळत नाही, पूर्ण युनिट बदलावं लागेल. बिघाड कशात आहे हे पाहण्याआधीच.

त्यात आमचं ऊन. नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेला होता. ४४-४५ तर आम्हाला दर उन्हाळ्याचे ओळखीचे आकडे आहेत. लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची नेहमीची तापमान-मर्यादा ० ते ४५ अंश असते. मे महिन्यात भर दुपारी टिनाच्या छपराखाली चार्जिंगला लावलेला स्पीकर या मर्यादेच्या पलीकडेच असतो. असा सेल लवकर दम सोडणार हे ठरलेलं. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांमागे निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. म्हणजे तीच वस्तू बंगळूरला जितकी टिकेल तितकी आमच्याकडे टिकणार नाही, पण किंमत तीच आणि वॉरंटीही तीच. सेल बदलता येण्याची गरज कुणाला असेल तर ती आम्हाला आहे.

युरोपीय संघाने याबाबत कायदाच केला. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. मोठ्या कंपन्या तिकडच्या बाजारासाठी तसे स्पीकर बनवणार, हे उघड आहे. त्यांनी तोच स्पीकर इकडे विकावा, एवढी अट घालायला आपल्याला नवं तंत्रज्ञान लागत नाही.

गाडीचं प्रकरण जास्त गुंत्याचं आहे. पूर्वी डेक डॅशबोर्डातल्या एका चौकोनी खाचेत बसायचा. खाचेचं माप ठरलेलं, मागे तारांचा झुपका, एका गाडीचा डेक दुसरीत खुशाल बसायचा. आता स्क्रीनमध्ये गाण्यांबरोबर मागचा कॅमेरा असतो, फोन असतो, काही गाड्यांत एसीची बटणंसुद्धा तिथेच असतात. हे सगळं 'कॅन बस' नावाच्या अंतर्गत जाळ्यावरून गाडीच्या संगणकाशी बोलत असतं. काच फुटली किंवा टच मेला तर बहुतेक वेळा अख्खं युनिट बदलायला सांगतात आणि बिल पाच आकडी होतं. काही गाड्यांत दुसऱ्या गाडीचं युनिट आणून लावलं तर गाडी ते स्वीकारतच नाही; कंपनीच्या यंत्रावरून कोड घालावा लागतो.

१ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांत रिव्हर्स पार्किंग सेन्सर, सीटबेल्टची आठवण, वेगाचा इशारा आणि ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली. योग्यच झालं, जीव वाचतात. पण सरकारने सक्तीने बसवायला लावलेला सेन्सर काळ्या मातीच्या चिखलाने आणि पऱ्हाटीच्या काड्यांनी निकामी झाला, तर तो कुठे दुरुस्त करायचा? आर्णीहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर. तिथे नाही जमलं तर यवतमाळहून अमरावती ९० किंवा नागपूर १५०. भाड्याने गाडी चालवणाऱ्याचा त्यात दिवस जातो, कमाई बुडते, डिझेल वेगळं. मग तो काय करतो? सेन्सरची तार तोडून टाकतो आणि पूर्वीसारखी मान वळवून रिव्हर्स घेतो. सुरक्षेचा नियम कागदावर राहतो आणि गाडीमागच्या पोराचा इशारा पुन्हा मिळेनासा होतो.

उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग सत्तर अंशांच्या पुढे जाऊ शकतो. खास वाहनांसाठी बनणारे चिप किमान ८५ अंश सोसण्याच्या प्रतवारीचे असतात, साध्या घरगुती उपकरणांतले ७० पर्यंतचे. बाहेरून बसवून घेतलेल्या स्वस्त अँड्रॉइड स्क्रीनमध्ये यांतले कोणते आहेत, हे खोक्यावर लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. ड्रायव्हर मात्र स्क्रीन किती इंचाची आणि रॅम किती एवढंच विचारून पैसे मोजतो, कारण त्याला विचारायला दुसरं काही ठेवलेलंच नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ठपका असा की या कंपन्या अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि बिघाड शोधण्याची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण आयोगाने बोट ठेवलं होतं ते नेमक्या जागी, आणि गाडीतला इलेक्ट्रॉनिक्सचा भाग तेव्हापेक्षा आज कितीतरी वाढला आहे.

केंद्र सरकारला हा विषय कळलेला नाही असं नाही. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढे चार क्षेत्रं होती: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, टिकाऊ घरगुती वस्तू, आणि वाहनं व त्यांची उपकरणं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक पोर्टलही सुरू झालं. पुढे दुरुस्ती-निर्देशांकासाठी दुसरी समिती बसली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. वस्तू खोलायला किती सोपी, हत्यारं कोणती लागतात, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, माहिती दिली आहे का, सॉफ्टवेअर किती काळ मिळत राहणार, यावरून वस्तूला गुण द्यायचे आणि ते दुकानात व खोक्यावर दाखवायचे, अशी ही कल्पना. कल्पना चांगली आहे.

माझा आक्षेप तिच्या आवाक्याला आहे. पहिल्या टप्प्यात फक्त मोबाइल आणि टॅब्लेट. आमच्या माळ्यावरचा स्पीकर, भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर, गाडीची स्क्रीन यांचा नंबर पुढे कधीतरी. शिवाय गुण कंपनीने स्वतःच जाहीर करायचे. विद्यार्थ्याने आपला पेपर आपणच तपासावा अशातला हा प्रकार झाला. आणि सुटा भाग किती दिवसांत मिळतो हे मोजायचं कुठे? गुरुग्रामच्या गोदामाच्या दारात की आर्णीच्या दुकानात? दिल्लीत दोन दिवसांत मिळणारा बोर्ड आमच्याकडे दोन महिन्यांनीही येत नसेल, तर त्या गुणाला आमच्यापुरता काही अर्थ उरत नाही. ही मोजणी तालुक्याच्या ठिकाणी झाली पाहिजे, तीही कंपनीबाहेरच्या माणसाने केलेली. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून दहापैकी गुण दाखवण्याची सक्ती केली, तेव्हा मोबाइल आणि लॅपटॉपसोबत टीव्ही, वॉशिंग मशीन आणि बागेतलं गवत कापायचं यंत्रसुद्धा पहिल्याच यादीत घेतलं होतं. त्यांच्या गवताच्या यंत्राला जे मिळतं ते आमच्या जागलीच्या यंत्राला मिळायला हवं.

यावर कंपन्यांकडून पहिलं उत्तर येतं ते सुरक्षेचं. लिथियम पेट घेतो, म्हणून तो आत कोंडलेला बरा. मी त्या दुकानात पाहिलं ते बरोबर याच्या उलट होतं. सेल कोंडलेला होता म्हणूनच त्याच्या शेजारून हेक्सॉचं पातं फिरत होतं. दोन स्क्रू आणि एक झाकण असतं तर धोका उरलाच नसता. दुसरं उत्तर पाण्याचं: सांधे वितळवले नाहीत तर पाणी शिरेल. दवात टांगलेल्या स्पीकरचं पाणी रबरी गॅस्केट आणि चार स्क्रू एवढ्यावरही अडवता येतं.

गाडीच्या बाबतीत मात्र त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. एअरबॅग आणि ब्रेकच्या यंत्रणेत कोणीही हात घालू नये, हे मी मान्य करतो. तिथे प्रशिक्षण आणि जबाबदारी लागतेच. पण त्या आडोशाने डेक, स्क्रीन, कॅमेरा, पार्किंग सेन्सर, खिडकीची मोटर हे सगळंच कुलपात घालणं मला मान्य नाही. कुठली कामं फक्त अधिकृत ठिकाणी व्हावीत याची यादी सरकारने करावी, आणि यादीबाहेरच्या कामांचं मॅन्युअल, कोड आणि भाग वाजवी दरात खुल्या बाजारात द्यायला लावावेत.

तिसरं म्हणणं ग्राहकांचंच असतं आणि ते जास्त वजनदार आहे: हजार रुपयांचा स्पीकर, गेला तर नवा घेऊ, दुरुस्तीची कटकट कोण करतो? पगारदार माणसाला हे जमतं. ज्याच्या हातात पैसा कापूस आणि सोयाबीन विकल्यावरच येतो, त्याचा स्पीकर हरभरा घाट्यावर आला असताना बंद पडला तर ते हजार रुपये कोणत्या तोंडाने मागायचे? तो उसनवारी करतो, नाहीतर पुन्हा डबा घेऊन माळ्यावर जातो. आणि फेकलेला स्पीकर जातो कुठे? आमच्या गावात ई-कचऱ्याची गाडी येत नाही. तो उकिरड्यावर जातो, उकिरडा उन्हाळ्यात शेणखत म्हणून वावरात जातो. सेलसकट.

गावचे मेकॅनिक कधीकधी वस्तू आणखी बिघडवतात, नकली भाग टाकतात, हीसुद्धा खरी तक्रार आहे. त्यावर उपाय म्हणजे त्यांना खरे भाग आणि खरी माहिती द्यायची. आयटीआयमध्ये पूर्वी रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड होता. आज इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक आणि कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक अप्लायन्सेसचे ट्रेड आहेत, दोन-दोन वर्षांचे. सरकार एका हाताने पोरांना ही विद्या शिकवतं आणि दुसऱ्या हाताने अशा वस्तू बाजारात येऊ देतं की ती विद्या वापरायला जागाच उरू नये. या धंद्याला भांडवल फार लागत नव्हतं. एक टेबल, मल्टीमीटर, सोल्डरिंग गन आणि शांत डोकं. पायाने अधू असलेल्या, शेतात राबता न येणाऱ्या कितीतरी पोरांनी बसस्टँडजवळच्या टपरीत याच धंद्यावर संसार उभे केले, बहिणींची लग्नं केली. ती टपरी आता मोबाइलचे कव्हर विकते. मला याचं फार वाईट वाटतं आणि ते लपवण्याचं काही कारण दिसत नाही.

दिल्लीतला कायदा व्हायचा तेव्हा होईल. तोवर गावाच्या हातात एक गोष्ट आहे, ती म्हणजे गावाची स्वतःची खरेदी. ग्रामपंचायत लाऊडस्पीकर घेते, शाळेला ॲम्प्लिफायर आणि स्क्रीन येते, अंगणवाडीत स्पीकर येतो, समाजमंदिरात साउंड सिस्टीम बसते. हे सगळं सार्वजनिक पैशातून होतं आणि बिघडलं की कपाटावर धूळ खात पडतं. या खरेदीला अट घालता येते. एकट्या ग्रामपंचायतीला पुरवठादार दाद देणार नाही, पण तालुक्यातल्या बऱ्याचशा ग्रामपंचायतींनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एकच ठराव घेतला तर त्याला यवतमाळच्या घाऊक व्यापाऱ्याकडे विचारणा करावीच लागेल, आणि त्या व्यापाऱ्याला नागपूरला. सरपंच, सचिव आणि शाळा व्यवस्थापन समितीला सोयीचं पडावं म्हणून मसुदा इथेच देतो, हवा तसा बदलून घ्यावा:

'ग्रामपंचायत, शाळा व अंगणवाडीसाठी खरेदी करावयाच्या ध्वनी व इलेक्ट्रॉनिक उपकरणांसोबत पुरवठादाराने सर्किटचा नकाशा, सुट्या भागांची दरयादी व ते भाग पाच वर्षे तालुक्याच्या ठिकाणी पुरवण्याची लेखी हमी द्यावी. ज्या उपकरणाची बॅटरी साध्या स्क्रू-ड्रायव्हरने काढता व बदलता येत नाही, असे उपकरण स्वीकारले जाणार नाही व त्याचे देयक अदा केले जाणार नाही.'